शेअर बाजारातली विकतची टीप : नवशिक्याला परवडते का?



गळिताचा हंगाम सुरू होऊन पहिल्या हप्त्याची बिले बँकेत वर्ग होऊ लागली की गावात पाहुण्यांची वर्दळ वाढते, हा आपला सर्वांचा जुना अनुभव आहे. कोणी नवा ट्रॅक्टर घ्या म्हणून येतो, कोणी प्लॉट दाखवायला नेतो, कोणी दामदुपटीची योजना घेऊन ओट्यावर बसतो. अलीकडे यात आणखी एका पाहुण्याची भर पडली आहे. हा ओट्यावर येत नाही, चहा पीत नाही. थेट घरातल्या तरुण मुलाच्या मोबाइलमध्ये उतरतो. "महिन्याला अडीच हजार भरा, रोज सकाळी काय घ्यायचे आणि कधी विकायचे ते आम्ही कळवू," असे त्याचे म्हणणे असते.

असे पैसे भरणे नवशिक्याला परवडते का, हा प्रश्न गेल्या दोन हंगामांत लेखा विभागाच्या खिडकीवर आम्हाला इतक्या वेळा विचारला गेला की तो अंकात घ्यावा असे ठरले. आम्ही शेअर बाजाराचे जाणकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण वजनकाटा, उतारा आणि बिल यांचा हिशेब करण्यात आमची हयात गेली आहे, आणि हा प्रश्नही शेवटी हिशेबाचाच आहे.

टीप म्हणजे नेमके काय?

टीप, कॉल किंवा सिग्नल ही तिन्ही नावे एकाच वस्तूची. टेलिग्राम वा व्हॉट्सॲपच्या गटावर सकाळी बाजार उघडल्यावर संदेश येतो. उदाहरणार्थ, "अमुक ऑप्शन १२० रुपयांच्या वर घ्या, टार्गेट १३५, स्टॉपलॉस ११०." म्हणजे १२० ला खरेदी करा, १३५ झाले की नफा घेऊन बाहेर पडा, आणि भाव उलटून ११० झाला तर तोटा सोसून बाहेर पडा. ऑप्शन म्हणजे ठराविक मुदतीत ठराविक भावाने खरेदी वा विक्री करण्याचा विकत घेतलेला हक्क. मुदत संपते त्या दिवशी या हक्काची किंमत शून्यही होऊ शकते. शेअर निदान कंपनीतला हिस्सा तरी असतो. इथे हाती काहीच राहत नाही. आणि टिपांचा बाजार बहुतेक या ऑप्शनभोवती आणि त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकायच्या सौद्यांभोवतीच फिरतो, कारण रोज सौदा झाला तरच रोज टीप लागते.

तात्यांच्या मुलाची वही

मागील हंगामात एक सभासद खिडकीवर आले. नाव सांगत नाही. वय सत्तरीच्या पुढे, सगळा गट त्यांना तात्या म्हणतो. म्हणाले, "साहेब, माझ्या बिलातले एक लाख चाळीस हजार पोराच्या खात्यावर वळते करायचेत. काय कागद लागतील?"

आम्ही विचारले, "तात्या, सोसायटीचं भरलंत का?"

"पोरगं म्हणतंय, आधी त्याला द्या. त्यानं शेअर बाजाराचा पगारी सल्लागार ठेवलाय. दोन महिन्यांत फिरवून देतो म्हणतोय, मग सोसायटी भरू."

पैसे तात्यांचे, ते कुणाला द्यावेत हा अधिकारही तात्यांचा. कारखाना त्यात पडू शकत नाही. पण तात्यांच्या नावावर सोसायटीचे पीक कर्ज होते. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडले तर आपल्या राज्यात शेतकऱ्याला व्याज पडत नाही आणि मुदत चुकली की ही सवलत जाते, हे आपण सर्व जाणताच. थकबाकीदार ठरल्यास पुढच्या वर्षीच्या कर्जाचीही अडचण होते. तेव्हा आम्ही एवढेच म्हणालो, "तात्या, मुदतीला अजून पंधरा दिवस आहेत. उद्या मुलाला घेऊन या. त्याला म्हणावं, तीन महिन्यांचा हिशेब घेऊन ये."

मुलगा आला. पोरगा शिकलेला, हुशार आणि प्रामाणिक. लपवाछपवी काही नाही. त्याने मोबाइलवरून ब्रोकरच्या चिठ्ठ्या, ज्यांना कॉन्ट्रॅक्ट नोट म्हणतात, त्या एकेक उघडल्या आणि आम्ही वहीत उतरवत गेलो. त्याचे म्हणणे होते, "साहेब, टिपा चांगल्या आहेत. शंभरातल्या साठ-पासष्ट बरोबर येतात. मी फक्त हजारभर रुपयांनी मागं आहे, तेही भांडवल कमी म्हणून."

हिशेब असा निघाला. भांडवल ६०,००० रुपये. तीन महिन्यांत त्याने ४२ टिपांवर सौदे केले. त्यांपैकी २७ नफ्यात, १५ तोट्यात. म्हणजे शंभरात चौसष्ट बरोबर, हे त्याचे म्हणणे खरेच होते. पुढचे आकडे मात्र पाहावेत :

नफ्याचे २७ सौदे, सरासरी ६२० रुपये : जमा १६,७४०
तोट्याचे १५ सौदे, सरासरी १,१८० रुपये : खर्च १७,७००
सौद्यांतला तोटा : ९६०
दलाली, घेताना २० व विकताना २० याप्रमाणे ४२ सौद्यांची : १,६८०
कर व इतर आकार : १,१४०
टिपांची तीन महिन्यांची फी : ७,५००
एकूण तोटा : ११,२८०

साठ हजारांचे ४८,७२० झाले होते. मुलाच्या डोक्यात मात्र ९६० हाच आकडा होता. दलाली आणि कर सौद्यासौद्यातून थोडे थोडे गेले म्हणून दिसले नाहीत, आणि फी दुसऱ्या खात्यातून भरली म्हणून ती हिशेबात धरलीच नव्हती.

आपल्या काट्यावर भरलेली गाडी तोलली जाते आणि रिकामी झाल्यावर तीच गाडी पुन्हा तोलली जाते. दोन वजनांतला फरक तो आपला ऊस. रिकाम्या गाडीचे वजन वजा न करता कोणी टन सांगू लागला तर आपण त्याला वेड्यात काढू. टीपवाला नेमके हेच करतो. तो नेहमी भरलेल्या गाडीचेच वजन सांगतो.

शंभरात चौसष्ट बरोबर, तरी तोटा कसा?

इथे मुलाने रास्त प्रश्न विचारला. "टिपेत तर नफा पंधरा रुपये आणि तोटा दहा रुपये असतो. मग माझा तोटा नफ्यापेक्षा मोठा का?"

त्याचे उत्तर वेळेत आहे. संदेश आला तेव्हा भाव १२० होता. पण तो संदेश एकट्या या मुलाला आलेला नव्हता. हजारो जणांनी एकाच मिनिटाला तोच माल मागितला. मुलगा पाण्याला दारे धरायला गेलेला; हात पुसून मोबाइल काढेपर्यंत भाव १२६ झाला. त्याने १२६ ला घेतले. आता टार्गेट तेच १३५ आणि स्टॉपलॉस तोच ११०. म्हणजे बरोबर आले तर नफा ९ रुपये आणि चुकले तर तोटा १६ रुपये. टीप तीच, पण पंधराला दहाचा सौदा नवाला सोळाचा झाला.

हिशेब करून पाहावा. १२० ला घेणाऱ्याला शंभरात चाळीस टिपा बरोबर आल्या तरी बरोबरीत सुटता येते. १२६ ला घेणाऱ्याला बरोबरीत सुटण्यासाठी चौसष्ट लागतात, आणि ते दलाली-फी धरण्याआधी. टीपवाल्याच्या वहीत मात्र तो सौदा १२० ते १३५ असाच लिहिला जातो, आणि संध्याकाळी "आजचा नफा पंधरा रुपये" म्हणून गटावर झळकतो.

याहून वाईट प्रकारही होतो. टीप देणाऱ्याने तो माल आधीच घेऊन ठेवलेला असतो. मग टीप सोडायची, लोकांनी घेतल्याने भाव चढला की त्यांनाच आपला माल विकायचा. फारशी उलाढाल नसलेल्या लहान कंपन्यांच्या शेअरमध्ये ही युक्ती सोपी जाते. विकत घेणारे आपण, आणि ज्याचा माल उचलला तोही आपल्याच गटाचा चालक, असा हा मामला.

उसाचा सल्ला आणि बाजाराची टीप

काही सभासद म्हणतात, "अहो, आपण शेतीतही सल्ला घेतोच की. माती तपासून घेतो, शेती अधिकाऱ्याला विचारून खत टाकतो. मग बाजारात सल्ला घेतला तर बिघडलं कुठं?"

म्हणणे वरवर बरोबर वाटते. पण दोन्हींत मूलभूत फरक आहे, आणि या लेखातली एवढी एकच गोष्ट ध्यानात राहिली तरी आम्हाला समाधान आहे. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने वा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने बेणे-प्रक्रियेचा सल्ला दिला आणि तो दहा हजार शेतकऱ्यांनी पाळला, तर तुमच्या फडातला ऊस त्यामुळे एक कांडीनेही कमी होत नाही. शेजाऱ्याचे भले झाले म्हणून आपले नुकसान होत नाही. शेतीतले ज्ञान वाटल्याने संपत नाही. आपली सहकारी चळवळ उभी राहिली ती याच पायावर.

ऑप्शनच्या बाजारात उलटे आहे. तिथे एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा, आणि मध्ये दलाली व कर कापले जातात. तिथली माहिती एकालाच ठाऊक असेल तोवर तिला मोल. हजारांना वाटली की भाव पळतो आणि मोल संपते. म्हणून खरोखर चालणारी टीप कोणी अडीच हजारांना घाऊक विकत नाही. आणि जी घाऊक विकली जाते ती विकल्यामुळेच बिघडते. असा माल शेतकऱ्याने कधी पाहिलेला नसतो, म्हणून तो शेतीच्याच मापाने त्याला मोजतो आणि फसतो.

विकणाऱ्याच्या बाजूनेही पाहावे. चार हजार जणांनी महिन्याला अडीच हजार भरले तर एक कोटी रुपये झाले. टीप बरोबर येवो वा चुको, हे उत्पन्न ठरलेले. धोका भरणाऱ्याचा आणि हमीचे पैसे घेणाऱ्याचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'सेबी' या बाजाराच्या नियामक संस्थेने 'बाप ऑफ चार्ट' या नावाने शिकवण्या आणि शिफारशी विकणाऱ्यांविरुद्ध अंतरिम आदेश काढला आणि १७ कोटी २० लाख रुपये वेगळ्या खात्यात भरायला सांगितले. त्या आदेशात एक बोलकी नोंद आहे. लोकांना नफ्याची गणिते दाखवणाऱ्या त्या चालकाला जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळात स्वतःच्या सौद्यांत सुमारे तीन कोटींचा निव्वळ तोटा झाला होता. पैसा आला तो शिकवण्या विकून.

"शंभरातल्या नव्वद बरोबर" हे कसे दाखवतात?

यात फार मोठी विद्या नाही. सभासदांनी या चार युक्त्या ओळखून ठेवाव्यात.

पहिली युक्ती पुसण्याची. टेलिग्रामवर गटाचा चालक जुना संदेश पुसू शकतो, बदलूही शकतो. चुकलेली टीप संध्याकाळपर्यंत गटावर राहतेच असे नाही.

दुसरी युक्ती तीन टार्गेटांची. एका टिपेला १२४, १२९ आणि १३५ अशी तीन टार्गेटे देतात. भाव १२४ ला क्षणभर शिवून ११० ला कोसळला तरी "पहिले टार्गेट पूर्ण" म्हणून ती टीप बरोबर धरली जाते. घेणारा मात्र १३५ ची वाट पाहत बुडालेला असतो.

तिसरी युक्ती दोन्ही तोंडांनी बोलण्याची. "अमुक भावाच्या वर गेला तर घ्या, खाली आला तर विका." पाऊस पडला तर पडेल, नाही तर नाही, असे सांगणाऱ्या पंचांगासारखी ही टीप कधी चुकतच नाही.

चौथी युक्ती गणिताची, आणि ती सर्वांत धूर्त. समजा, कोणी १,६०० मोबाइल नंबर गोळा केले. निम्म्यांना कळवले, उद्या बाजार चढेल; निम्म्यांना कळवले, उतरेल. ज्या ८०० जणांना बरोबर कळवले गेले त्यांचे पुन्हा दोन भाग. मग ४००, मग २००, मग १००, मग ५०. पाच दिवसांनी पन्नास माणसे अशी उरतात की ज्यांना पाचही वेळा बरोबर टीप मिळाली, तीही फुकट. सहाव्या दिवशी फीची मागणी येते. त्या पन्नास जणांना तो माणूस ज्योतिषाचा बाप वाटतो. बाकीचे १,५५० जण त्यांना भेटत नाहीत, त्यामुळे त्यांना खरे काय ते कळत नाही.

आमच्या पिढीतल्या वाचकांना मटक्याच्या आकड्यांचे चार्ट विकणारे आठवत असतील. ज्याच्याकडे उद्याचा आकडा असल्याचे तो सांगे, तोच एसटी स्टँडवर चार आण्याला वही विकत बसे. आकडा ठाऊक असता तर तो वही विकत बसला असता काय, हा प्रश्न तेव्हाही फार थोड्यांनी विचारला.

फीचा बोजा कोणावर?

महिन्याला अडीच हजार म्हणजे वर्षाला तीस हजार. २०२५-२६ हंगामाचा सव्वादहा टक्के उताऱ्याचा एफआरपी टनाला ३,५५० रुपये धरला तर ही जवळजवळ साडेआठ टन उसाची किंमत झाली, तीही तोडणी-वाहतूक वजा न करता. आता फी फिटण्यापुरताच वर्षाला किती नफा लागतो ते पाहा :

भांडवल ५० हजार असेल तर : ६० टक्के
भांडवल १ लाख असेल तर : ३० टक्के
भांडवल ५ लाख असेल तर : ६ टक्के
भांडवल १० लाख असेल तर : ३ टक्के

म्हणजे ज्याच्याकडे पैसा कमी त्याच्यावर बोजा जास्त. नवशिक्या नेमका इथेच असतो. थोड्या भांडवलाने सुरुवात करणे हे शहाणपणाचे, पण थोड्या भांडवलावर फी फिटत नाही. आणि फी फिटावी म्हणून भांडवल वाढवले तर न शिकताच मोठा धोका पत्करला जातो. तात्यांच्या मुलाचे हेच झाले होते. फी फिटेना म्हणून त्याला एक लाख चाळीस हजार हवे होते. शिवाय गटाच्या माणसाने त्याला फोन करून सांगितले होते, "साध्या गटावर असंच होतं. प्रीमियम गट घ्या, पंधरा हजार भरा." विहिरीला पाणी लागेना म्हणून त्याच जागी आणखी खोल खणण्याचा हा सल्ला.

सेबीचे आकडे

जुलै २०२४ मध्ये सेबीने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२२-२३ साली त्याच दिवशी शेअर घेऊन विकणाऱ्या दहा व्यक्तींपैकी सात जण तोट्यात होते. सप्टेंबर २०२४ ची पाहणी फ्युचर्स आणि ऑप्शन्सची, म्हणजे वायद्यांची. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख, आणि सर्वांचा मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. खर्च वजा जाता एक लाखाहून अधिक नफा मिळवणारे शंभरात एक. २०२४-२५ सालातही ९१ टक्के लोक तोट्यातच होते.

हे आकडे सर्व व्यक्तींचे आहेत, केवळ टीप घेणाऱ्यांचे नाहीत. पण जिथे शंभरातले नव्वद बुडतात तिथे नवशिक्याला महिन्याच्या फीत पलीकडच्या तीराला नेतो असे म्हणणाऱ्या नावाड्याकडे दोनदा पाहावे, एवढे तरी त्यातून कळते.

कायदा काय सांगतो?

पैसे घेऊन शेअरबाबत शिफारस करायची तर सेबीकडे नोंदणी लागते. नोंदणी दोन प्रकारची. 'रिसर्च ॲनालिस्ट' हा सर्वांना सारखीच शिफारस करतो; त्याच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात 'आयएनएच' या इंग्रजी अक्षरांनी होते. 'इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझर' हा तुमचे उत्पन्न, कर्ज, घरची जबाबदारी पाहून सल्ला देतो. त्याचा क्रमांक 'आयएनए'ने सुरू होतो. क्रमांक सांगितला म्हणून विश्वास ठेवू नये. दुसऱ्याचा क्रमांक वापरणारेही असतात. सेबीच्या अधिकृत यादीत नाव, क्रमांक आणि फोन तिन्ही जुळतात का ते पाहावे.

नोंदणी असलेल्याने ठराविक नफ्याची हमी देणे नियमात बसत नाही. तेव्हा "महिन्याला दहा टक्के पक्के" असे जो म्हणतो तो त्याच क्षणी उघडा पडला असे समजावे. वैयक्तिक ग्राहकाकडून ठरीव फी घ्यायची तर एका कुटुंबामागे वर्षाला १ लाख ५१ हजारांची मर्यादाही सेबीने घातली आहे.

मात्र नोंदणी म्हणजे नफ्याची खात्री नव्हे. लायसन असलेल्या ड्रायव्हरची ट्रॉली उलटत नाही असे थोडेच आहे? लायसनमुळे एवढेच होते की अपघात झाला तर कोणाला जाब विचारायचा ते कळते. नोंदणी असलेल्याविरुद्ध सेबीच्या 'स्कोअर्स' व्यवस्थेत तक्रार करता येते. सेबीचा मोफत फोन १८०० २२ ७५७५ असा आहे. नोंदणी नसलेला पैसे घेऊन गायब झाला तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे आणि पोलिसांत जावे.

टिपेची पायरी चढली की पुढची पायरी येते, हेही सांगून ठेवतो. "तुम्हाला जमत नाही तर खात्याचा पासवर्ड द्या, आम्ही सौदे करतो." आणि त्यापुढची, "पैसेच आमच्याकडे ठेवा, दरमहा परतावा देतो." अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शेवगाव तालुक्यात शेअर बाजाराच्या नावाखाली अशा ठेवी गोळा करून लोकांना बुडवल्याबद्दल २०२४ साली गुन्हे दाखल झाले. तोही आपल्यासारखाच ऊस पट्टा आहे.

मग कुणालाच उपयोग नाही का?

आहे. ज्याच्याकडे मोठी बचत आहे, कर्ज नाही, आणि जो पाच-दहा वर्षांसाठी शेअर घेऊन ठेवू शकतो, त्याला नोंदणीकृत विश्लेषकाचा कंपनीबद्दलचा अभ्यासपूर्ण अहवाल उपयोगी पडतो. तिथे सहा रुपये मागेपुढे झाल्याने काही बिघडत नाही. सगळ्या कुटुंबाचा मेळ घालायचा, विमा किती, ठेव किती, मुलांच्या शिक्षणाला किती, हे ठरवायला नोंदणीकृत सल्लागाराला एकदा फी देणेही वाया जात नाही. पण "आत्ता घ्या, दुपारी विका" ही विकतची टीप नवशिक्याला परवडत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याला ज्या गोष्टीची गरज आहे, म्हणजे समज, ती टिपेत नसते. शंभर टिपांवर सौदे केलेल्या माणसाला एकशे एकाव्या वेळी स्वतःहून काय करावे हे कळत नाही. कळत असते तर तो एकशे एकावी टीप मागताच ना. शिकायचेच असेल तर एनआयएसएम या संस्थेची सेबीच्या सहकार्याने होणारी गुंतवणूकदारांची परीक्षा विनामूल्य आहे. तिचा अभ्यास करावा.

पैसे देण्याआधी तीन महिने वही

तरीही ज्याला मोह आवरत नाही त्याने आमची एक सूचना मानावी. पैसे न गुंतवता तीन महिने शंभर पानी वहीत नोंद करावी. टीप आल्याची वेळ. टिपेतला भाव. आपण प्रत्यक्ष मोबाइल हाती घेतला तेव्हाचा भाव. आपल्याला खरोखर ज्या भावाला विकता आले असते तो भाव. नफा-तोटा. प्रत्येक सौद्याला दलाली व करापोटी पन्नास-सत्तर रुपये वजा. महिन्याच्या शेवटी फी वजा. एकही टीप गाळू नये, पुसलेली तर मुळीच नाही. अशी सेवा बहुधा फुकटचा नमुना गट दाखवतेच. त्याच्यावर ही वही भरता येते. तीन महिन्यांनी खालची बेरीज काय येते ते पाहून ठरवावे. आपल्या वहीतली बेरीज त्यांच्या गटावरच्या शंभर फोटोंपेक्षा खरी.

आणि कोणत्याही परिस्थितीत चार पैशांना हात लावू नये : सोसायटीच्या फेडीचे, पुढच्या लागणीच्या बेण्या-खताचे, घरातल्या आजारपणाचे आणि लेकरांच्या फीचे.

तात्यांचे काय झाले, असे सभासद विचारतील. तात्यांनी दुसऱ्या दिवशी सोसायटी भरली. मुलगा आठ दिवस बापाशी धड बोलला नाही. प्रीमियम गटाचा फोन येतच राहिला. महिन्याभराने खोडव्याच्या नोंदीसाठी मुलगाच गट कार्यालयात आला, तेव्हा पिशवीत वही होती. त्याने स्वतः उघडून दाखवली. फुकट गटावरच्या एकोणीस टिपा, प्रत्येकीपुढे वेळ आणि दोन भाव. खाली बेरीज लाल शाईत. आम्ही काही बोललो नाही. तोच म्हणाला, "अजून दोन महिने लिहितो साहेब, मग बघू."

आम्हाला ते पुरे वाटले. गेलेले ११,२८० रुपये म्हणजे तीन टनांहून अधिक ऊस. तो काही परत येणार नाही. पण ज्याने रिकाम्या गाडीचे वजन करायला शिकून घेतले, त्याला पुढे कोणी काट्यात मारू शकणार नाही.

ज्या सभासदांना असा हिशेब मांडून पाहायचा असेल त्यांनी आपल्या कॉन्ट्रॅक्ट नोट घेऊन कोणत्याही गुरुवारी दुपारी लेखा विभागात यावे. घरातल्या मुलाला बरोबर आणावे. रागवायला नव्हे, वही भरायला.

— संपादक मंडळ